जुन्या सुपरकारची खरी किंमत पॉलिसीवर कशी लिहून घ्यायची

पंधरा-वीस वर्षांची पोर्शे ९११, फेरारी ३६० किंवा लॅम्बोर्गिनी गॅलार्डो. मुंबईत अशा गाडीच्या विम्याचं नूतनीकरण बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरच उरकतं. एजंट कोटेशन पाठवतो, मालक प्रीमियमचा आकडा बघतो, ‘गेल्या वर्षीपेक्षा कमीच आहे की’ म्हणतो आणि पैसे भरून टाकतो. प्रीमियम कमी का झाला, हे कोणी विचारत नाही. सॉफ्टवेअरने गेल्या वर्षीच्या आयडीव्हीतून, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीतून, काही टक्के वजा केलेले असतात, म्हणून तो कमी झालेला असतो. असं सात-आठ वर्षं चाललं की बाजारात ८० लाखांना जाणारी गाडी पॉलिसीवर ३५ लाखांची होऊन बसते.

हा आकडा दुरुस्त करून घेता येतो. त्यासाठी वेगळी, महागडी ‘कलेक्टर’ पॉलिसीही शोधावी लागत नाही. नेहमीच्या पॉलिसीत तशी सोय आहे, फक्त ती मागावी लागते.

पाच वर्षांनंतर तक्ता संपतो

आयडीव्ही म्हणजे इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू. गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली तर मिळणारी कमाल रक्कम. तिच्या घसाऱ्याचा तक्ता २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकात, आहे: ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, आणि पुढे वर्षागणिक २०, ३०, ४०, ५०. पाचव्या वर्षाला तक्ता संपतो. त्याहून जुन्या गाड्या आणि उत्पादन बंद झालेली मॉडेलं यांची आयडीव्ही कंपनी आणि ग्राहक यांनी आपसांत ठरवायची, असं टॅरिफच सांगतं. ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, दर २००७ पासून खुले झाले, तरी पॉलिसीतली ही भाषा कायम आहे.

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे आणि मालकाच्या दृष्टीने ते सर्वात मोलाचं. एकदा ठरलेली आयडीव्ही ही पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत टोटल लॉसच्या क्लेमसाठी गाडीचा बाजारभाव म्हणूनच धरायची, तिच्यातून पुन्हा घसारा कापायचा नाही. म्हणजे वर्षभरापुरता आकडा बांधला गेला. घासाघीस करायची ती पॉलिसी निघण्याआधी. अपघातानंतर त्या चर्चेला अर्थ उरत नाही.

‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ या नावाचं एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं कलम) टॅरिफमध्ये आहे, पण ते फक्त व्हिंटेज गाड्यांसाठी. तिथे व्हिंटेजची व्याख्या अशी: ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. आरटीओची व्याख्या निराळी. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी २०,००० रुपये शुल्क भरून व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि थर्ड पार्टीचा प्रीमियम निम्मा होतो. मात्र मग ती रोज वापरता येत नाही. २००४ ची ९९६ (पोर्शे ९११ ची एक पिढी, ९९७ ही तिच्या पुढची) किंवा २००८ ची गॅलार्डो या दोन्हींत बसत नाही. ‘तुमची गाडी व्हिंटेज करून घेऊ’ असं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

कमी आयडीव्हीचा फटका नेमका कुठे बसतो

चोरीत आणि आगीत तो उघडच दिसतो. जास्त माणसं फसतात ती ७५ टक्क्यांच्या नियमात. दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस ठरते, म्हणजे दुरुस्त न करता पूर्ण गेली असं धरलं जातं. आता गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. हेडलॅम्प, सस्पेन्शनचा आर्म, रेडिएटर, बंपर हे सगळं आजच्या दराने, आयात शुल्क भरून येतं. आयडीव्ही ३५ लाख असेल तर मर्यादा २६.२५ लाखांवर येते. पुढची बाजू दबली आणि एअरबॅग उघडल्या की २८ लाखांचं एस्टिमेट व्हायला वेळ लागत नाही. गाडी दुरुस्त होण्यासारखी असते, तरी टोटलमध्ये जाते. तुमच्या हाती ३५ लाख येतात आणि ८० लाखांची गाडी भंगाराच्या लिलावात जाते. तिथे ती उचलणाऱ्याला तिची किंमत बरोबर ठाऊक असते. आयडीव्ही ८० लाख असती तर मर्यादा ६० लाख झाली असती आणि गाडी दुरुस्त होऊन घरी आली असती.

किंमत सिद्ध करणारी फाईल

‘माझी गाडी ८० लाखांची आहे’ या वाक्यावर अंडररायटर, म्हणजे विमा कंपनीत जोखीम आणि दर ठरवणारा अधिकारी, सही करत नाही. त्याला उद्या वरिष्ठांना किंवा ऑडिटला दाखवण्यासाठी कागद हवा असतो. पॉलिसी संपायच्या ४५ दिवस आधी कामाला लागा.

पहिलं काम आरसीचं. त्यावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून पाहा. १७ अक्षरांच्या चॅसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. आरसीवर ‘ओ’ दिसला तर तो शून्याच्या जागी झालेला टायपिंगचा घोळ आहे. तो आरटीओत आत्ताच सुधारून घ्या, क्लेमच्या वेळी यावरून महिनाभर फाईल अडते. नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा काढा आणि फाईलला लावा. गाडीला रॅप करून रंग बदलला असेल तर आरसीवरही तो रंग चढलेला हवा. नोंदणीची १५ वर्षं संपली असतील तर नूतनीकरण झालेलं हवं. नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीच्या चोरीचा क्लेम नाकारणं योग्य ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे. तिथे तर तात्पुरती नोंदणी संपलेली होती, गाडी नवी होती.

दुसरं, आयातीचे कागद. बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क विभागाकडचा आयातीचा दस्तऐवज) आणि शुल्क भरल्याची पावती, मग गाडी तुम्ही तिसऱ्या मालकाकडून का घेतलेली असेना. सचिन तेंडुलकरच्या फेरारी ३६० मोडेनाच्या आयात शुल्काचा २००३ मधला वाद मराठी वाचकाला आठवत असेलच. आयात शुल्काचा प्रश्न गाडीला कसा चिकटून राहतो ते त्यात दिसलं होतं. शुल्क थकलेली गाडी सीमाशुल्क विभागाने जप्त केली तर कोणतीही मोटार पॉलिसी ते नुकसान भरत नाही. शुल्काविना आलेल्या गाडीला ओन डॅमेज प्रीमियमवर ३० टक्के वाढ लागते. शिवाय तिला लागणाऱ्या १९ क्रमांकाच्या एंडॉर्समेंटप्रमाणे परदेशातून मागवलेल्या भागाचा विमानाचा वाहतूक खर्च कंपनी देत नाही.

तिसरं आणि सगळ्यात वजनदार म्हणजे मूल्यांकनाचा अहवाल. तो विमा नियामकाचा परवाना असलेल्या, मोटार विभागाच्या सर्व्हेयरकडून घ्या. गॅरेजवाल्याच्या लेटरहेडवरचं ‘किंमत अंदाजे अमुक’ अंडररायटर बाजूला सारतो. अहवालात आकड्याबरोबर तो कुठून आला हेही लिहिलेलं हवं. चांगल्या अहवालात काय असतं ते थोडं जवळून पाहू.

रंगाची जाडी. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो. ३०० च्या वर गेला तर पुन्हा रंगकाम झालेलं असतं, ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे असं समजा. ३६० आणि गॅलार्डोची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. नुसतं लोखंड ओळखणारं स्वस्त गेज तिच्यावर आकडाच दाखवत नाही, दोन्ही धातू मोजणारं गेज लागतं. प्लास्टिकच्या बंपरवर हे दोन्ही प्रकार उपयोगाचे नाहीत. म्हणून अहवालात प्रत्येक पॅनेलचा आकडा आणि पॅनेल कशाचं आहे, दोन्ही हवं. अ‍ॅल्युमिनियमच्या गाडीचे आकडे मॅग्नेटिक गेजने घेतलेत असं दिसलं की सर्व्हेयरने गाडी नीट पाहिली नाही हे कळतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स. एफ-वन किंवा ई-गिअर (फेरारी आणि लॅम्बोर्गिनीचे ऑटोमेटेड गिअरबॉक्स) असेल तर क्लच किती टक्के झिजलाय ते डायग्नोस्टिक संगणकावरून छापून घ्या. ३६० चे टायमिंग बेल्ट दर ३ ते ५ वर्षांनी बदलावे लागतात, गाडी चालो न चालो. शेवटच्या कामाचं बिल जोडा. ९९६ आणि सुरुवातीच्या ९९७ मध्ये इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या (आयएमएस) बेअरिंगचं काम झालंय का आणि बोअरस्कोपने, म्हणजे बारीक कॅमेऱ्याने, सिलिंडरच्या भिंती पाहिल्यात का, हे लिहिलेलं असलं की किंमत टिकते. गिअरबॉक्स मॅन्युअल आहे की ऑटोमेटेड, हे ठळक येऊ द्या. फेरारीत आणि लॅम्बोर्गिनीत आज मॅन्युअलला भाव जास्त आहे आणि विमा कंपनीच्या मॉडेलच्या यादीत हा फरक बहुधा नसतोच. टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा कोडही टिपा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी छान दिसणारे पण नऊ वर्षांचे टायर असतील तर अहवाल तिथेच कमकुवत होतो.

आता तुलनेच्या किमती. इथे परदेशी लिलावाचे आकडे चिकटवण्याचा मोह होतो, पण अंडररायटर ते मानत नाही आणि त्याचं बरोबर आहे. काही अपवाद सोडता, ३ वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आयातच करता येत नाही, आणि जी करता येते तीही फक्त मुंबई बंदरातून. लंडनमधल्या ३६० चा भाव इथे लागू होत नाही, कारण ती इथे आणताच येणार नाही. उलट हाच मुद्दा तुमच्या बाजूने वापरा: देशात आहेत तेवढ्याच गाड्या आहेत, बदली गाडी मिळवायची तर त्यातलीच घ्यावी लागेल. मग देशातल्या प्रीमियम सेकंडहँड डीलरांच्या दोन-तीन चालू जाहिराती, तारखेसह, आणि झालेल्या विक्रीचा एखादा करारनामा मिळाला तर तो. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, म्हणून सर्व्हेयर त्यातून १० टक्के कमी धरेल. त्यावर भांडू नका.

अहवाल तीन महिन्यांहून जुना नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरचा जीएसटी ४० टक्के झाला, आधी सेस धरून तो त्याहून जास्त होता. ब्रिटनशी त्याच वर्षी झालेल्या करारात तिथून येणाऱ्या गाड्यांचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलंय. नव्या गाड्यांचे भाव हलले की जुन्यांचेही हलतात, आणि हे अंडररायटरलाही माहीत असतं.

कंपनीशी बोलणी

हे काम पोर्टलवर होत नाही. पोर्टलवरची आयडीव्हीची पट्टी ठरावीक मर्यादेत सरकते, त्यापलीकडे नाही. कंपनीच्या शाखेत किंवा ब्रोकरमार्फत ‘अंडररायटिंग रेफरल’ मागा. सरकारी कंपन्यांची मुख्यालयं किंवा मोठी कार्यालयं फोर्ट आणि चर्चगेट भागात आहेत, खासगी कंपन्यांची बीकेसीपासून अंधेरीपर्यंत पसरलेली आहेत. समोरासमोर फाईल दाखवली की काम लवकर होतं, हा इथे राहण्याचा फायदा. मेलमध्ये एकच गोष्ट स्पष्ट लिहा: गाडी पाच वर्षांहून जुनी आहे, टॅरिफप्रमाणे आयडीव्ही परस्पर संमतीने ठरते, सोबत मूल्यांकन अहवाल जोडला आहे, अमुक आयडीव्हीवर कोटेशन द्यावे. होकारही मेलवरच घ्या. फोनवरचं ‘हो सर, होऊन जाईल’ क्लेमच्या वेळी कोणाला आठवत नाही.

कंपनी तपासणी करून मागेल, ती करू द्या. पॉलिसीत खंड पडला असेल तर ती सक्तीचीच असते, आणि खंड ९० दिवसांच्या वर गेला की नो क्लेम बोनसही जातो. कंपनी मधला आकडा देऊ करेल, समजा ६५ लाख. त्यावर थांबायचं की दुसरी कंपनी पाहायची, हे वरच्या ७५ टक्क्यांच्या हिशेबावरून ठरवा. ६५ लाखांना मर्यादा ४८.७५ लाख येते. तुमच्या गाडीचा मोठा अपघाती खर्च त्याच्या आत बसतो का, ते वर्कशॉपला विचारा. आणि आकडा फुगवू नका. अहवाल ८० चा आणि आयडीव्ही १२० ची, अशा पॉलिसीत चोरी झाली की कंपनी सगळे कागद उलटसुलट तपासते.

पैशाचं गणित फार अवघड नाही. मुंबई टॅरिफच्या ए झोनमध्ये येते. १,५०० सीसीच्या वरच्या, १० वर्षांहून जुन्या गाडीचा टॅरिफमधला ओन डॅमेज दर ३.७०६ टक्के. (साधी मोठी सेडान आणि दहा सिलिंडरची गॅलार्डो एकाच पंगतीत.) ८० लाखांवर २,९६,४८० रुपये, ५० टक्के बोनस असेल तर १,४८,२४०. ३५ लाखांवर त्याच हिशेबाने ६४,८५५. फरक ८३,३८५ रुपयांचा, १८ टक्के जीएसटी धरून साधारण ९८,०००. त्या बदल्यात संरक्षण ४५ लाखांनी वाढतं. प्रत्यक्षात कंपन्या या दरावर सूट देतात, त्यामुळे फरक आणखी कमी होतो. थर्ड पार्टीचा २०२२ चा दर ७,८९७ रुपये आहे, त्याचा आयडीव्हीशी संबंध नाही. ऑटोमोबाईल असोसिएशनच्या सदस्यत्वाची सूट कमाल २०० रुपये आणि चोरीरोधक यंत्राची ५००. हवी तर घ्या, चहापाणी सुटेल.

पॉलिसी हातात आली की त्याच दिवशी पाहा: आयडीव्ही, मॉडेल आणि व्हेरिएंट, उत्पादन वर्ष, सीसी, चॅसिस नंबर, आणि ‘इम्पोज्ड एक्सेस’ (एक्सेस म्हणजे क्लेममधून कापली जाणारी, तुम्ही सोसायची रक्कम). १,५०० सीसीवरच्या गाडीचा सक्तीचा एक्सेस २,००० रुपये. महागड्या गाडीवर कंपनी गुपचूप एक-दोन लाख आणखी टाकते. तो कोटेशनमध्ये नव्हता तर पॉलिसी परत पाठवा. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम वगैरे इलेक्ट्रिकल सामान आयडीव्हीत धरलं जात नाही, ते वेगळं लिहावं लागतं. टॅरिफमध्ये त्याचा दर ४ टक्के.

योग्य आयडीव्ही असूनही खिशातून जाणारे पैसे

टोटल लॉस नसेल तर सुट्या भागांवर घसारा लागतोच. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग ५० टक्के, फायबरग्लास ३०, काच शून्य, बाकी धातूचे भाग ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० आणि त्यापुढे ५०. समजा बिलात धातूचे भाग ८ लाख, प्लास्टिकचे २, काच १, मजुरी १.५ आणि रंगकाम १ लाख, एकूण १३.५ लाख. धातूतून ४ लाख कापले, प्लास्टिकमधून १, रंगाच्या एकत्रित बिलात साहित्य २५ टक्के धरून त्याच्या निम्मे म्हणजे १२,५००. एक्सेसचे २,००० गेले. कंपनी ८,३५,५०० देते, तुमच्या खिशातून ५,१४,५०० जातात. झिरो डेप हे घसारा न कापण्याचं अ‍ॅड-ऑन बहुतेक कंपन्या इतक्या जुन्या गाडीला देत नाहीत. तरी विचारा, आणि मिळत नसेल तर ही रक्कम बाजूला ठेवूनच गाडी बाहेर काढा. कार्बन फायबर या तक्त्यात नावानिशी नाही. सर्व्हेयर ते प्लास्टिकमध्ये ढकलतो. गाडीला कार्बनचे भाग असतील तर त्यांचा घसारा किती धरणार, हे पॉलिसी घेतानाच मेलवर विचारून ठेवा.

पावसाळ्याचं वेगळं बोलायला हवं. पूर हा विम्यातला धोका आहे, पण पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करून कनेक्टिंग रॉड वाकला तर कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणते आणि हात वर करते. खाली बसलेल्या गाडीत पाणी पटकन आत शिरतं. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या वाटेला जूनपासून जाऊच नये. गाडी बेसमेंटमध्ये असेल तर पावसाळ्यापुरती वरच्या पोडियमवर जागा मागा. गाडीत पाणी शिरलंच तर चावी फिरवू नका, बॅटरी सोडवा, फोटो काढा, फ्लॅटबेड बोलवा. ओढून नेण्याचे पॉलिसीत १,५०० रुपयेच मिळतात. जुन्या सुपरकारला फ्लॅटबेडशिवाय पर्याय नसतो, म्हणून रोडसाइड असिस्टन्स घेताना ‘फ्लॅटबेड’ हा शब्द लेखी हवा.

आणि मुंबईतला खास सापळा: शूटिंग. जाहिरातीसाठी, मालिकेसाठी किंवा लग्नाच्या वरातीसाठी पैसे घेऊन गाडी दिली की तो भाड्याचा वापर झाला. खासगी पॉलिसीत तो चालत नाही, मग गाडी नुसती उभी असताना क्रेनचा दिवा बॉनेटवर पडला असला तरी. प्रॉडक्शन हाऊसकडून वेगळा विमा लेखी घ्या. रेसट्रॅक आणि वेगचाचण्याही बाहेर.

क्लेम

घटनास्थळीच फोटो घ्या, कंपनीला लगेच कळवा, गाडी सोडवायची घाई करू नका. ५०,००० रुपयांवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेयर लागतो. त्याला मूल्यांकन अहवाल, जुने फोटो आणि कंपनीचा होकाराचा मेल पहिल्याच भेटीत द्या. एस्टिमेट गाडीचे भाग उघडून केलेलं हवं. वरवरचं एस्टिमेट आधी लहान दिसतं, मग पुरवण्या जोडत जाऊन ७५ टक्के ओलांडतं आणि तोवर वर्कशॉपचे उघडण्याचे पैसे चढलेले असतात. काढलेले जुने भाग सर्व्हेयरने पाहिल्याशिवाय फेकू देऊ नका. चोरीत एफआयआर, दोन्ही चाव्या आणि पोलिसांचा तपास न लागल्याचा अहवाल लागतो. दुसरी चावी हरवली असेल तर ती आजच करून ठेवा.

टोटल लॉस झाल्यावर ‘बाजारभाव कमी आहे, इतके घ्या’ अशी ऑफर आली तर आयडीव्ही हाच बाजारभाव धरायचा हे पॉलिसीतलं वाक्य दाखवा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. भंगार तुम्ही ठेवणार असाल तर त्याची किंमत वजा होते. ती किंमत कशी काढली, किती बोली आल्या, तेही विचारा. तरी अडलं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर सांताक्रूझ पश्चिमेला विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण ५० लाखांच्या वरची भरपाई ते देऊ शकत नाहीत, आणि गाडी मोठ्या कंपनीच्या नावावर असेल तर तक्रार घेत नाहीत. ८० लाखांचा वाद असेल तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात आयोगाची पायरी क्लेमच्या रकमेवर ठरत नाही, भरलेल्या प्रीमियमवर ठरते. त्यामुळे ८० लाखांच्या गाडीचा खटलाही जिल्हा आयोगातच दाखल होतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत.